गिरणी थांबवून ऐकवलेली धून

दाजी पिठाची चालू गिरणी मध्येच बंद करायचे. वीज गेली म्हणून नाही, दगडाला टाकी मारायची म्हणून नाही, तर माझी धून ऐकवायची म्हणून. गिरणीच्या आवाजात गिटार ऐकू येत नाही ही त्यांची अडचण, आणि तिच्यावर त्यांनी शोधलेला उपाय हा असा. उचगावात सकाळी दळणाला गर्दी असायची. शाळूचे, गव्हाचे डबे ओळीने लागलेले, बायका दारात ताटकळलेल्या, आणि दाजी एकदम खटका खाली ओढायचे. पट्टा फडफडत थांबायचा. मग फळीवरच्या छोट्या स्पीकरवरचं पीठ ते टॉवेलने झटकायचे आणि जाहीर करायचे, "आता कुणी बोलायचं न्हाय. आमच्या पावण्यांचं गिटार हाय. आन् मागं साथीला कोण हाय, ते सांगायला पायजे व्हय?"

"आवो दाजी, पोरांचा डबा राहिलाय," एखादी कळवळून म्हणायची.

"डबा हुतोय की. आधी बेल दाबा. बेल दाबल्याशिवाय दळण न्हाय."

बेल म्हणजे यूट्यूबची. माझ्या चॅनेलला उचगावातून जे श्रोते मिळाले, त्यातले बहुतेक असे पिठासाठी अडवलेले होते.

त्या धुनेचं नाव मी 'तुरा' ठेवलं होतं. उसाला तुरा येतो त्या दिवसांत, उचगावच्या बाहेर रस्त्याकडेला गाडी लावून बसलो असताना ती सुचली होती. पुढची गिटार माझी होती. मागची साथ मात्र दाजींची नव्हती. ती कॉम्प्युटरची होती. दाजींनी वाजवलेली साथ मी काढून टाकली होती आणि त्यांना ते सांगितलं नव्हतं. गिरणी थांबवून ते जे गावाला ऐकवत होते, त्यात ते नव्हतेच. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं लिहिताना मला वाटत राहील, की मी पुन्हा काहीतरी लपवतोय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. पण उचगावात त्यांना सगळेच दाजी म्हणत, त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. मला, मेव्हण्याला, ते 'पावणं' म्हणत. ते मूळचे गडहिंग्लजचे. तरुणपणी त्या भागातल्या एका ऑर्केस्ट्रात साथीची गिटार वाजवायचे. गणपतीत, उरुसात, कुणाच्या दुकानाच्या उद्घाटनाला. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला, लग्न झालं, आणि चुलत्यांची उचगावातली गिरणी त्यांच्याकडे आली. लग्नानंतर पहिल्या सणाला ते आक्काला घेऊन आमच्या घरी आले, तेव्हा मी कॉलेजात होतो. आमच्यात जावयाला आहेर करायची पद्धत. दाजींनी उलटंच केलं. टॉवेलात गुंडाळलेली एक गिटार त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

माझे वडील अवघडले. "आवो, जावयानं घ्यायचं असतंय. द्यायचं न्हाय."

"ह्यो आहेर न्हवं मामा," दाजी म्हणाले. "रोग हाय. लावून जातो."

आणि खरोखरच लावून गेले. दर रविवारी स्कूटरवरून यायचे, आक्काने दिलेली चटणी-भाकरी वडिलांच्या हातात ठेवायचे आणि मला घेऊन गच्चीवर जायचे. त्यांच्या शिकवण्यात सा-रे-ग-म नव्हतं, कागद नव्हता. एकच नियम होता, हात थांबता कामा नये. मी कॉर्ड चुकलो की थांबायचो आणि पहिल्यापासून सुरू करायचो, त्याचा त्यांना राग यायचा. "पावणं, चुकायचं असंल तर जोरात चुका. हळू चुकलं की पब्लिकला कळतंय." मी हसायचो. पण बोटं सोलून निघायची त्या दिवसांत, सोडून द्यावं असं दर आठवड्याला वाटायचं, तेव्हा ते शेजारी बसून खाडखाड वाजवत राहायचे आणि त्यांच्या आवाजाखाली माझ्या चुका झाकून जायच्या. आपण बरं वाजवतो असं मला वाटायचं, ते त्यामुळे. मला वाजवत ठेवलं ते त्या झाकण्याने.

त्यांची दुसरी खोड म्हणजे शेवट पळवायचा. गाणं संपत आलं की दाजींचा हात आपोआप वेग घ्यायचा. कुणी सांगून थांबायचा नाही. ऑर्केस्ट्रात त्यांना तसंच शिकवलं होतं. शेवटचं कडवं पळवलं की लोक आपोआप टाळ्यांनी ठेका धरतात, पुढचं गाणं मागतात, मंडळवाले खूश होतात. "टाळ्या पडायच्या आधी पळायचं," ते म्हणायचे. "आपण पळालो की त्यास्नी बी पळावं लागतंय." मैदानात, हजार माणसांच्या गलक्यात ते बरोबरच असणार. शहरात, माझ्या राजारामपुरीतल्या घरातल्या बंद खोलीत तसं काही नव्हतं.

त्या खोलीबद्दल सांगायला हवं. मी बँकेत लागलो, संसारात पडलो, गिटार सणासुदीपुरती उरली. सिनेमाची गाणी वाजवायची, सोसायटीच्या गणपतीत कौतुक करून घ्यायचं. चाळिशी ओलांडल्यावर एकदा मोबाईलवर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून ऐकलं आणि मला लाज वाटली. स्वर ओढला की थरथरत होता, दोन सुरांमध्ये जागा राहत नव्हती, ताल तर कुठल्या कुठे. त्यानंतर मी लहान मुलासारखा पहिल्यापासून बसलो. पहाटे उठून टकटक करत ठेका देणारा मेट्रोनोम लावायचा, एकच ओळ अगदी सावकाश वाजवायची, बरोबर आली की थोडासा वेग वाढवायचा. इंटरनेटवर परदेशातली माणसं शिकवायची ते बघायचं, स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून चुका लिहून काढायच्या. बायको एकदा म्हणाली, "तुम्ही तेच तेच वाजवताय की टेप अडकलीय?" पण हात सुधारत होता. मला कळत होतं.

दाजी रविवारी यायचे, पलंगावर बसून ऐकायचे. कानाच्या पाळ्यांमागे त्यांच्या कायम थोडं पीठ असायचं. महिनोन् महिने माझे ते स्वरांचे व्यायाम त्यांनी ऐकले आणि एक दिवस न राहवून म्हणाले, "पावणं, पीठ लई बारीक पडलंय बघा. पर भाकरी कवा थापायची?"

"म्हणजे काय, दाजी?"

"म्हंजे कायतरी स्वतःचं वाजवा की. किती दिवस लोकांचं वाजवणार? मला बी आयुष्यभर लोकांचंच दळायला लागलंय. तुमचं तसं नको."

मी स्वतःची धून रचायला लागलो ती त्या वाक्यामुळे. हे मी कुठल्याही मुलाखतीत सांगितलेलं नाही. तिथे मी परदेशी वादकांची नावं घेतली.

'तुरा' तयार झाली तेव्हा साथीला दाजीच असणार हे आम्ही दोघांनीही न बोलता धरून ठेवलं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी ते आंघोळ करून, नवा शर्ट घालून आले. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खोलीच्या दाराला मी रजया लावल्या होत्या. त्यांच्या कानाला हेडफोन लावला, मेट्रोनोम चालू केला, आणि ते दचकलेच.

"ह्ये टकटक कोण करतंय?"

"मेट्रोनोम आहे, दाजी. ह्याच्याबरोबर जायचं."

"ह्याच्याबरोबर? ह्ये काय माणूस हाय व्हय? चढावर दमत न्हाय, वळणावर थांबत न्हाय. कसं जायाचं ह्याच्यासंगट?"

गेले मात्र. मान खाली घालून, जीभ दाताखाली धरून, शाळकरी पोरासारखे गेले. सुरुवात छान व्हायची. मध्यावर थोडं मागेपुढे. आणि शेवटच्या वळणावर हात पळायचा. प्रत्येक वेळी. "आता न्हाय पळत, परत लावा," म्हणायचे आणि पुन्हा पळायचे. संध्याकाळ झाली. त्यांच्या शर्टाची पाठ भिजली होती. मला वाटलं, आता खरं सांगावं, की दाजी, हे जमत नाहीये, दुसरं काहीतरी करू. त्याऐवजी मी हेडफोन काढून ठेवले आणि म्हणालो, "झकास झालं, दाजी. हे शेवटचं एकदम पक्कं बसलं."

"व्हय न्हवं?" ते म्हणाले, आणि इतके खूश झाले, की चहा न घेताच आक्काला सांगायला उचगावला निघून गेले.

ते गेल्यावर मी बरेच दिवस त्यांची साथ जुळवायचा प्रयत्न केला. तुकडे केले, ओढले, आवळले. जमेना. शेवटी कॉम्प्युटरमध्ये असतात त्या तयार आवाजांतली गिटार घेतली, दाजींचेच कॉर्ड, दाजींचाच ठेका त्यात भरला आणि त्यांची साथ बंद केली. इथे मला खोटं बोलायचं नाही. धून सुधारली. मला कधीकधी वाटतं, ती बिघडली असती तर बरं झालं असतं. निदान माझी चूक संगीतातली ठरली असती. पण धून चांगली झाली होती. तिच्यासाठी मी केलं ते योग्य होतं. फक्त एका माणसाला फोन करून "दाजी, तुमचं घेतलं नाही" हे सांगायचं राहिलं. म्हणून मी काय केलं, तर यूट्यूबवर धुनेच्या खाली त्यांचं नाव घातलं. साथीची गिटार, म्हणून त्यांचं पूर्ण नाव, आडनावासकट. नाव दिलं म्हणजे फेडलं, असं मनाला समजावलं.

पहिल्यांदा ऐकवली तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. गिरणी बंद होती, त्यांनी स्पीकर कानाजवळ धरला होता. इतक्या वर्षांच्या मोटारीच्या आवाजाने त्यांना बारीक आवाज कमीच ऐकू यायचे. धून संपली. त्यांनी स्पीकर फळीवर ठेवला. आता विचारतील, असं मला वाटलं.

"पावणं," ते म्हणाले, "काय साफ केलंय हो तुम्ही! माझा हात एवढा साफ कवाच न्हवता."

मी म्हणालो, "थोडं एडिटिंग करावं लागतं, दाजी."

"करणार की. मशीन कशाला हाय मग?"

त्यानंतर त्यांनी ती धून अंगावर घेतली. मी माझ्या परीने प्रचार करत होतो. आकर्षक चित्र लावायचं, छोटी रील बनवायची, अनोळखी लोकांना नम्रपणे संदेश पाठवायचे, उत्तर आलं नाही तरी पुढच्याला पाठवायचे. दाजींची पद्धत वेगळी होती. गिरणीचं तर सांगितलंच. शिवाय गावातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर ते धून टाकायचे. एकदा कुणी गेल्याची बातमी होती, खाली सगळ्यांचे हात जोडलेले, आणि त्यातच दाजींनी 'तुरा'ची लिंक टाकली होती. आक्काने त्यांना झापलं. "आवो, मयताच्या बातमीखाली कोण गिटार टाकतंय?"

"मग कधी टाकू? तितं सगळी माणसं हजर असत्यात."

गडहिंग्लजला भावाच्या घरी वास्तुशांत होती, तिथे त्यांनी जेवणाच्या पंगतीत स्पीकर लावला आणि वाढणाऱ्यांना दटावलं, की धून संपेपर्यंत भाताचं भांडं आपटायचं नाही. एका रिक्षावाल्याला धून भरून दिली आणि त्याने ती पुसून डीजे लावला म्हणून त्याच्याशी बोलणं टाकलं. दर वेळी ठरलेलं वाक्य, "पुढं आमचे पावणं, मागं मी." लोक मग त्यांच्याकडे नव्याने बघायचे. पीठवाला माणूस, म्हणजे हा कलाकार आहे तर. त्यांच्या शेजारी उभा राहून मी हे ऐकायचो. एकदा मान हलवली की पुढच्या वेळी हलवावीच लागते. मी हलवत राहिलो.

पुढे कुणा फिरस्त्याने पन्हाळ्याच्या धुक्याचा व्हिडिओ केला आणि त्याला 'तुरा' जोडली. तिथून ती बाहेर पडली. इतरांनी उचलली, मला ओळख मिळाली, दुसऱ्या धुनेबद्दल विचारणा आली. मी झपाटल्यासारखा रील बनवायला लागलो. लॅपटॉप भरला तेव्हा जागा करण्यासाठी जुनी रेकॉर्डिंग पुसली. त्यात दाजींची त्या दिवशीची सगळी साथ होती, जी पक्की बसली म्हणालो होतो तीसुद्धा. पुसताना हात अडखळला, असं लिहायला मला आवडलं असतं. अडखळला नाही. मी तेव्हा व्हिडिओच्या घाईत होतो.

मग शहरातल्या एका छोट्या संगीत मंडळाने मला वाजवायला बोलावलं. लहानसा हॉल, तिकीट नाही, पण माझ्यासाठी ते पहिलंच व्यासपीठ होतं. मी कॉम्प्युटरच्या साथीचा ट्रॅक लावून वाजवायचं ठरवलं होतं. पोस्टर बघून दाजींचा फोन आला, "पावणं, पांढरा शर्ट घालू का निळा?" मी "पांढरा," म्हणालो.

कार्यक्रमाच्या दिवशी ते टेम्पो भरून उचगावची माणसं घेऊन आले. दळणाच्या ओळीत रोज दिसणाऱ्या बायका जरीच्या साड्यांत होत्या. आक्का पहिल्या रांगेत बसली. दाजींनी गिटार बाहेर काढली, तारा नव्या होत्या, लाकूड तेल लावून पुसलेलं. मी साउंडवाल्याकडे गेलो. माझ्याच वयाचा, तंबाखू चघळणारा माणूस. त्याला हळू आवाजात सांगितलं, की माझी गिटार आणि ट्रॅक बाहेर सोड. दाजींची गिटार फक्त त्यांच्या समोरच्या स्पीकरमध्ये दे, त्यांना ऐकू येईल एवढी. हॉलमध्ये नको.

त्याने काहीही विचारलं नाही. "चालतंय की, साहेब. पुढाऱ्यांची पोरं गायला आली की आम्ही ह्येच करतोय. त्यास्नी बी बरं, पब्लिकला बी बरं."

धून सुरू होण्याआधी दाजींनी माइक मागून घेतला. बोलणाऱ्यांतले ते नव्हते. "मी उचगावचा गिरणवाला. आमच्या पावण्यांचं नाव झालं, पर त्यांनी मला मागं टाकलं न्हाय. संगट घेऊन आले. एवढंच." उचगावच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. मी गिटारचा खांद्यावरचा पट्टा नीट करत राहिलो, तो आधीच नीट होता.

आम्ही वाजवलं. दाजींच्या समोरच्या स्पीकरमधून त्यांची साथ मला बाजूने ऐकू येत होती. घाबरलेली, पण मनापासून. आणि शेवटच्या वळणावर त्यांचा हात पळाला. ट्रॅक मागे राहिला, ते पुढे निघाले, डोळे मिटून, गडहिंग्लजच्या कुठल्यातरी मैदानात. मी समोर बघितलं. हॉलमध्ये कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. तिथे फक्त माझी गिटार आणि कॉम्प्युटर पोचत होता. त्या क्षणी मला काय वाटलं, तर सुटलो असं वाटलं. बरं झालं, आधी सांगून ठेवलं. टाळ्या पडल्या, दाजींनी डोळे उघडले, आणि त्या टाळ्यांसमोर ते इतके वाकले, की गिटार गुडघ्याला लागली.

गेल्या उन्हाळ्यात दाजी गेले. गिरणीतच, डबा उचलताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्याला आलेल्या एका बाईने डोळे पुसत म्हटलं, "आता बेल कोण दाबाय लावणार?" आणि सगळे हसले, आणि हसता हसता रडले. मी घाटावर हात जोडून उभा होतो. ज्याला अजूनही सांगता आलं असतं, तो माणूसच आता उरला नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गिरणी आता भाड्याने दिली आहे. आक्का मागच्या दोन खोल्यांत राहते. रविवारी मी जायचो तेव्हा तिच्या मोबाईलवर 'तुरा' चालू असायची. सकाळची कामं ती त्यावरच करायची. चहा ओतता ओतता थांबून म्हणायची, "ह्ये बघ, हितं कसं हळूच आले ते." किंवा, "हितं दमल्यागत वाटतंय न्हवं? त्या दिवशी जेवले न्हवते." कॉम्प्युटर दमत नाही. मी कपातल्या चहाकडे बघत "हं" म्हणायचो.

मग एका रविवारी ती म्हणाली, "राजू, तुझं तेवढं काढून त्यांचं एकट्याचं दे की मला. शेजारची पोरगी म्हणत हुती, आता तसं काढता येतंय. तुझं मी कवाबी ऐकतो. त्यांचं तेवढं पायजे."

मी हो म्हणून आलो. घरी बसून कॉम्प्युटरची साथ वेगळी काढली, मोबाईलमध्ये घेतली. पुढच्या रविवारी उचगावला गेलो आणि तिच्या दाराबाहेर गाडीवर बसून राहिलो. ती फाईल तिला दिली असती तर तिने मरेपर्यंत ती उशाशी ठेवली असती. लपवण्यात मी कितीही पुढे गेलो असलो, तरी एवढं नीच होणं मला जमेना. आत गेलो. आक्का परातीत शाळू निवडत होती. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसलो असतो तर बोलता आलं नसतं.

तिचा हात परातीत थांबला.

"मग ह्ये मागं कोण वाजवतंय?"

"कोण न्हाय आक्का. कॉम्प्युटर हाय."

"आन् त्यांनी वाजवलेलं?"

"पुसलं."

"कुठंच न्हाय?"

"न्हाय."

ती रडेल, ओरडेल, निदान मला शिव्या देईल असं वाटलं होतं. ती खडे वेचायला लागली. एक खडा, दुसरा खडा. तिसरा वेचता वेचता म्हणाली, "त्यांस्नी ठावं हुतं?"

"न्हाय. मी सांगितलंच न्हाय."

"बरं केलंस." मग जरा थांबून, "मला बी सांगितलं नसतंस तर चाललं असतं."

 सांगून मी मोकळा होईन असं येताना वाटलं होतं. तिच्या मांडीजवळ तो मोबाईल पडला होता, आणि मला कळून चुकलं की उद्या सकाळी ती तो लावणार नाही. तिच्याकडे जे होतं, ते मी माझं मन हलकं करण्यासाठी काढून घेतलं होतं.

मी उठलो. चपला घालत होतो तेव्हा तिने मागून हाक मारली. परात बाजूला सारून ती दारापर्यंत आली होती.

"असू दे," ती म्हणाली. "स्टेजवर तर तेच वाजवत हुते न्हवं? तितं काय मशीन न्हवती. मी पहिल्या रांगेत बसलोतो की. सगळं ऐकलोय मी त्यांचं. शेवटाला कसं पळवलं त्यांनी! मी तितंच ओळखलं, ह्ये आमचंच माणूस."

गिरणीत दळण चालू होतं, भिंत बारीक थरथरत होती. ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती.

"व्हय आक्का," मी म्हणालो. "पळवलं त्यांनी."